मॅचच्या पैजेचं ॲप बनवायचंय? आधी चार घरांत बसून मॅच बघा

गेल्या वर्षभरात माझ्याकडे तीन-चार मुलं येऊन गेली, कोणी ऐरोलीच्या कॉलेजातलं, कोणी नुकतंच महापेला कंपनीत लागलेलं, आणि सगळ्यांची आयडिया थोड्याफार फरकाने एकच. मित्रांचा ग्रुप असतो, मॅच असते, प्रत्येकजण छातीठोक सांगतो आज कोण जिंकणार, तर त्याचंच एक ॲप करू, सोशल बेटिंगसारखं, सगळे एकत्र अंदाज लावतील आणि मजा येईल. आयडिया चांगली आहे, मला स्वतःला फार आवडते. पण प्रत्येकाने येतानाच पंचवीस-तीस स्क्रीन फिग्मात, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, करून आणल्या होत्या, आणि मी विचारलं की हे कोणाला बघून केलंस, तर उत्तर नाही. मग दरवेळी तेच तेच दोन तास सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय. मी ठाण्यात राहतो, दहा-बारा वर्षं युजर रिसर्चचं, म्हणजे वापरणाऱ्या माणसांना भेटून-बघून समजून घ्यायचं, काम करतोय आणि असाच एक खेळ आमच्या छोट्या टीमने केलाय, त्यामुळे हे सगळं करून बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी पैसे बाजूला ठेवा

हे पहिल्या दिवशीच क्लिअर करून टाका कारण याच्यावर पुढचं सगळं डिझाइन ठरतं. आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली, आणि त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरळ बंदी आहे, मग तो खेळ नशिबाचा असो की डोक्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या ॲपनी पैशाच्या कॉन्टेस्ट त्याच आठवड्यात बंद केल्या. राज्याचा जुगारबंदीचा कायदा तर १८८७ पासूनचा आहे, त्यातून रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या शर्यती तेवढ्या लायसन घेऊन सुटतात.

मुलं लगेच विचारतात, मग कॉइन ठेवले तर? पन्नास रुपयांना हजार कॉइन? नाही चालणार. कायद्यात 'पैज' म्हणजे फक्त नोटा असं धरलेलं नाही, पैसे देऊन विकत घेतलेले कॉइन, टोकन, क्रेडिट सगळं त्यात येतं. चालतं काय, तर सोशल गेम, म्हणजे करमणुकीसाठीचा खेळ, त्याला तुम्ही ठरावीक सबस्क्रिप्शन किंवा एकदाच एन्ट्री फी घेऊ शकता, पण ती फी पणाला लागलेली नसावी आणि जिंकून पैसे परत यायची आशा त्यात नसावी. तरीही काही बनवायच्या आधी एका वकिलाकडे तासभर बसा, ते पैसे वाचवू नका.

आणि कायदा नसता तरी मी पैसे बाजूलाच ठेवले असते, याचं कारण पुढे येईल.

माणसं शोधताना ग्रुप शोधा

नवीन लोक इथे पहिली चूक करतात. इंटरव्ह्यूसाठी दहा सुट्टी माणसं गोळा करतात. अरे पण तुमचा खेळ एकट्याचा आहेच कुठे? तुम्हाला आख्खा ग्रुप पाहिजे. तीन ग्रुप घ्या, प्रत्येकातली तीन-चार माणसं, झाली दहा माणसं, पहिल्या फेरीला भरपूर आहेत. आम्ही एक कोपरखैरण्याच्या रो-हाउसमधला शेजाऱ्यांचा ग्रुप घेतला, एक घोडबंदरच्या सोसायटीतला पंचविशीतल्या पोरापोरींचा, आणि एक रबाळे एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करणाऱ्यांचा, जे मॅच टीव्हीवर कधीच बघत नाहीत कारण तेव्हा ते कामावर असतात. हा तिसरा ग्रुप मुद्दाम घ्या. घरी सोफ्यावर बसून बघणाऱ्याचा खेळ आणि चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं स्कोअर बघणाऱ्याचा खेळ एकदम वेगळा असतो.

ग्रुपमध्येही सगळी बडबडी माणसं उचलू नका. प्रत्येक ग्रुपात एकजण हिशेब ठेवणारा असतो, एकजण गप्प बसून सगळं वाचणारा, एकजण सतत चुकूनही दरवेळी छाती ठोकणारा, आणि बऱ्याचदा एकजण असा असतो जो पूर्वी खरे पैसे लावायचा आणि आता लावत नाही. या चौघांशी बोललात तर ग्रुप समजला.

निवडताना 'तुम्ही क्रिकेट बघता का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'मागची मॅच कोणासोबत बघितली आणि त्या वेळी फोनवर कोणाशी बोलणं झालं' हे विचारा. जो पटकन दोन नावं सांगतो तो तुमचा माणूस. अठरा वर्षांखालच्या मुलांना या रिसर्चमध्ये घेऊ नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं मूल म्हणजे पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि तसंही पैजेच्या विषयावर शाळकरी मुलांना बसवणं मला पटत नाही. आणि माणसांच्या वेळेचे पैसे द्या, थोडे का होईना. तासभर त्यांनी तुमच्यासाठी घालवलाय.

इंटरव्ह्यू : मागच्या मॅचबद्दल बोला

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सुरुवातीला आम्ही लोकांना स्क्रीन दाखवून विचारलं, असं ॲप आलं तर वापराल का? बाराच्या बारा जण हो म्हणाले, काहींनी तर कधी येतंय म्हणून विचारलं. आम्ही खुशीत दोन महिने काम केलं, त्यांनाच पहिल्यांदा दिलं आणि दुसऱ्या आठवड्यात दोघंच उरले. माझ्या ते फार मनाला लागलं होतं, कारण ती माणसं खोटं बोलली नव्हती, समोर बसलेल्या पोराला नाही कसं म्हणायचं म्हणून हो म्हणाली होती. चूक प्रश्नाची होती.

तेव्हापासून मी पुढच्याबद्दल काही विचारतच नाही, फक्त झालेल्याबद्दल विचारतो. मागची मॅच कोणती बघितली, कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं. कोण जिंकणार हे पहिल्यांदा कोण बोललं, कधी बोललं, टॉसच्या आधी की नंतर? मग तुम्ही काय म्हणालात? ग्रुपवर काय टाकलंत? इथे मी म्हणतो, फोन काढा आणि त्या संध्याकाळचे मेसेज वर जाऊन स्वतःच वाचा, मला दाखवू नका, तुम्हीच वाचून सांगा. कारण त्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनी मला परवानगी दिलेली नाही, त्यांच्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेणं बरोबर नाही. पण माणूस वाचायला लागला की आठवणी अशा धडाधड बाहेर येतात की आपल्याला नुसतं लिहून घ्यायचं असतं.

मध्ये शांतता पडली तर पडू द्या. नवीन माणूस घाबरून पुढचा प्रश्न टाकतो आणि खरं उत्तर तिथेच अडकतं. मनात सातपर्यंत मोजा.

काही जण बुकीच्या भाषेत बोलतील. भाव, लगाई, खाई, सेशन, पंटर. तुम्हाला अर्थ माहीत असला तरी विचारा, म्हणजे काय? एकाने मला खाई-लगाई इतकी सोपी करून सांगितली, की लगाई म्हणजे मी म्हणतो ही टीम जिंकणार, खाई म्हणजे मी म्हणतो ही काय जिंकत नाही. आणि मग स्वतःच म्हणाला की सर, मजा खाईत जास्त, कारण सगळे एका बाजूला आणि तुम्ही एकटे दुसऱ्या बाजूला. हे वाक्य आम्ही भिंतीवर चिकटवलं होतं, आणि पुढे खेळातला एक आख्खा भाग त्याच्यावर उभा राहिला.

एक गोष्ट मात्र फार जपून. या विषयावर बोलताना कोणीतरी अचानक सांगतं की मी दोन लाख घालवले, घरी माहीत नाही. असं झालं तर तुमचा इंटरव्ह्यू तिथेच संपला. वही बंद करा, ऐका, सल्ले देऊ नका, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी हा नंबर आता प्रत्येक माणसाला जाताना एका छोट्या कागदावर देतो, सगळ्यांनाच देतो, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. या माणसाचं बोलणं तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये कधीही टाकायचं नाही, नाव काढून पण नाही.

आता घरात जाऊन मॅच बघा

इंटरव्ह्यूत माणूस सांगतो ते त्याला आठवतं तेवढं. खरं बघायचं तर मॅच चालू असताना तिथे बसावं लागतं. परवानगी घ्या, कोपऱ्यात बसा, फोन खिशात, वही मांडीवर.

३० ऑक्टोबर २०२५ ला महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल आपल्या नेरूळच्या डीवाय पाटीलला होती, भारत-ऑस्ट्रेलिया. मी त्या दिवशी कोपरखैरण्याच्या ग्रुपमधल्या काकांकडे बसलो होतो. काकांकडे एक लांबडी वही आहे, दुकानात उधारीसाठी असते तसली, त्यात ते सगळ्यांचे अंदाज लिहितात, नावाचा एकेक कॉलम, बरोबर आलं तर हिरवा टिक, चुकलं तर लाल फुली, पैसे नाहीत, महिन्याच्या शेवटी ज्याच्या फुल्या जास्त त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची एवढंच. ऑस्ट्रेलियाने ३३८ केले. ब्रेकमध्ये काकांनी वही काढली, पाच जणांचं लिहून घेतलं, चार जण म्हणाले ऑस्ट्रेलिया, एकाने भारत म्हटलं आणि त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. मग बॅटिंग सुरू झाली, शफाली गेली, स्मृती गेली, ५९ वर दोन. तेवढ्यात काकू किचनच्या दारात आल्या, हाताला कणीक, आणि म्हणाल्या की जेमिमा काढते बघा आज. कोणी वर बघितलं पण नाही. वही काकांच्या मांडीवर बंद होती, पेन वहीत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, जेमिमा १२७ नॉट आउट, नऊ बॉल राखून मॅच काढली. घरात नुसता धिंगाणा. आणि त्या धिंगाण्यात काकू तीन वेळा म्हणाल्या, 'मी म्हटलं होतं.' पहिल्यांदा सगळ्यांना, मग नुसत्या काकांना, आणि तिसऱ्यांदा जवळपास स्वतःलाच, पोळपाट पुसताना. काकांनी हसून हो हो केलं. पण वहीत त्यांचा कॉलमच नव्हता.

मी त्या रात्री ट्रान्स हार्बरची गाडी पकडून ठाण्याला येताना फक्त हेच लिहीत होतो. लोकांना पैसा नको असतो, निदान बहुतेकांना तो मुळात नको असतो. 'मी म्हटलं होतं' हे खरं होतं, हे चार ओळखीच्या माणसांसमोर सिद्ध झालेलं त्यांना हवं असतं. पैसा हा त्याचा एक पुरावा आहे, महाग आणि वाईट पुरावा. आपल्याला स्वस्तातला आणि चांगला पुरावा द्यायचाय. मघाशी म्हटलं ना कारण पुढे येईल, ते हे.

बाकी काय बघायचं तर फोन कधी हातात येतो ते बघा. माझ्या वहीत दरवेळी तेच निघालं, ओव्हर चालू असताना कोणी फोनला हात लावत नाही, ओव्हर संपली, विकेट पडली, डीआरएस चालू आहे, तेव्हा फोन वर येतो आणि दहा-पंधरा सेकंदात परत खाली. म्हणजे तुमच्या स्क्रीनला एवढाच वेळ आहे. कबड्डीत तर तोही नाही, तीस सेकंदाची रेड, लगेच समोरून दुसरी रेड. घोडबंदरच्या ग्रुपात प्रो कबड्डी बघणारे होते, वीस मिनिटांच्या हाफमध्ये कोणाच्या हातात फोन नाही, सगळं बोलणं हाफटाइमला. त्यामुळे कबड्डीसाठी लाइव्ह अंदाज आम्ही ठेवलाच नाही, सुरू व्हायच्या आधी एक आणि हाफटाइमला एक, बास.

भिंतीवर चिठ्ठ्या

घरी आल्यावर त्याच दिवशी चिठ्ठ्या लिहा, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरतं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि माणसाच्या शब्दात. 'युजरला एंगेजमेंट हवी' अशी चिठ्ठी कोणी लिहिली तर फाडून टाका, तिच्यात माणूसच नाही. 'काकू तीन वेळा म्हणाल्या, वहीत कॉलम नाही' ही चिठ्ठी. मग सगळ्या भिंतीवर लावून एकमेकींच्या जवळच्या वाटतील त्या सरकवत जा, नाव शेवटी द्या. आधी नाव दिलं की माणूस त्या नावात बसेल तेच शोधतो. आमच्याकडे दीडेकशे चिठ्ठ्यांतून तीन ढीग निघाले जे आजपर्यंत टिकले: बोललेलं कुठेतरी वेळेसकट नोंदलं जावं, एकट्याने उलटं बोलायला किंमत असावी, आणि हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं काम कमी व्हावं पण त्याचा मान जाऊ नये. तिसरा ढीग कुठल्याही स्क्रीनवरून सुचला नसता. काकांना वही ठेवायला आवडते. ॲप आलं आणि वही गेली तर काकाच ग्रुपला ॲप वापरू देणार नाहीत.

पॉइंट कसे द्यायचे

इथे जरा थांबून नीट वाचा, कारण खेळ चांगला की वाईट ते इथे ठरतं.

सोपा नियम म्हणजे बरोबर आलं तर दहा पॉइंट. पण मग सगळे जोरदार टीमच धरतात आणि टेबलवर सगळ्यांचे पॉइंट सारखे. बुकी याला भाव देऊन सोडवतो, कमजोर टीमला जास्त. पण भाव आला की डोकं आपोआप बेटिंगच्या वळणावर जातं, हे आम्ही टेस्टमध्ये डोळ्यांनी बघितलं, स्क्रीनवर १.८० (म्हणजे रुपयाला एक रुपया ऐंशी पैसे परत) लिहिलं की लोक लगेच किती मिळणार ते मोजायला लागतात.

दुसरा रस्ता हवामानवाल्यांकडून घेतला. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये पावसाचे अंदाज किती चांगले हे मोजायची एक पद्धत मांडली. गाभा असा की नुसतं बरोबर-चूक बघायचं नाही, किती खात्रीने बोललास ते पण बघायचं. आमचा हिशेब असा: ५०-५० म्हणालात तर शून्य. सत्तर टक्के खात्री दाखवली आणि बरोबर आलं तर १६, चुकलं तर वजा २४. नव्वद टक्के दाखवली आणि बरोबर आलं तर २४, चुकलं तर वजा ५६. सूत्र सोपं आहे, खात्री (सत्तर टक्के म्हणजे ०.७) आणि प्रत्यक्ष (बरोबर आलं तर १, चुकलं तर ०) यातला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, शंभराने गुणा आणि २५ मधून वजा करा. याची गंमत अशी की खोटी छाती ठोकली की पुढेमागे माणूस खाली जातोच, आणि मनातलं खरं बोलणाराच सगळ्यात फायद्यात राहतो.

आता टक्केवारीचा स्लायडर लोकांपुढे ठेवला तर कोणाला कळेना. रबाळेच्या ग्रुपातले एक दादा अंगठा स्लायडरवर ठेवून मला म्हणाले, साहेब त्र्याहत्तर आणि पंच्याहत्तरमध्ये मी काय फरक करू? बरोबरच होतं. मग आम्ही इंटरव्ह्यूच्या नोट्स काढल्या आणि लोक स्वतः खात्री कशी सांगतात ते शोधलं. तीन शब्द सारखे सारखे येत होते: 'पक्कं', 'बहुतेक' आणि 'फिफ्टी-फिफ्टी'. तीन बटणं केली. नव्वद, सत्तर, पन्नास. आकडे आत राहिले, बाहेर माणसांचे शब्द.

आणि ते खाईवाले म्हणाले होते ना, की मजा एकटं पडण्यात आहे, त्यांच्यासाठी: ग्रुपात तुमच्या बाजूला कोणीच नाही आणि तुम्ही बरोबर आलात तर जास्तीचे पॉइंट नाहीत, पण तो अंदाज तारीख-वेळेसकट ॲपमधल्या ग्रुपच्या भिंतीवर महिनाभर वरती राहतो. लोकांना हे पॉइंटपेक्षा जास्त आवडलं.

भांडणं आधीच लिहून ठेवा

मॅच रद्द झाली तर? पावसाने ओव्हर कमी झाल्या आणि टार्गेट बदललं तर? मॅच दुसऱ्या दिवशी गेली तर, जशी २०१९ ची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल ९ जुलैला सुरू होऊन १० ला संपली? त्याच वर्ल्ड कपची फायनल टाय, सुपर ओव्हर पण टाय, आणि इंग्लंड चौकार-षटकारांच्या मोजणीवर जिंकलं. 'कोण किती रनांनी जिंकणार' असा प्रश्न तुम्ही ठेवला असता तर उत्तर काय दिलं असतं? एका कागदावर असे पंधरा-वीस प्रसंग लिहा आणि ग्रुपला विचारा, तुमच्यात असं झालं तर तुम्ही काय करता? त्यांच्याकडे नियम असतातच. कोपरखैरण्याचा नियम होता की निम्म्याहून कमी मॅच झाली तर अंदाज पुसायचा. आम्ही तोच घेतला.

अंदाज बंद कधी होणार हे मोठ्या अक्षरात लिहा. महिला वर्ल्ड कपच्या २ नोव्हेंबर २०२५ च्या फायनलला पाऊस पडला, मॅच दोन तास उशिरा, पाचच्या सुमाराला सुरू झाली. 'तीन वाजता बंद' लिहिलं असतं तर दोन तास लोक नुसते बसले असते. म्हणून बंद व्हायची वेळ घड्याळावर ठेवू नका, पहिल्या बॉलवर ठेवा.

कागदावर टेस्ट करा

कोडिंग नको, फिग्मा पण लगेच नको. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर स्क्रीन काढा आणि पाच माणसांसमोर ठेवा. ॲप-वेबसाइट वापरायला किती सोपी हे तपासण्यातले जाणकार याकोब निल्सन यांचं जुनं गणित आहे की पाच माणसांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात, पण ते एकाच प्रकारच्या माणसांसाठी. काकू आणि रबाळेचे दादा एका प्रकारात येत नाहीत, म्हणून त्यांचे पाच वेगळे, यांचे पाच वेगळे.

'हे बटण दाबा' असं सांगू नका. सांगा की स्मृती आत्ता आउट झाली, तुम्हाला वाटतंय जेमिमा जिंकून देईल, हे ग्रुपला कळवायचंय, करा. आणि माणसाला जे मनात येतंय ते मोठ्याने बोलायला सांगा. तो अडला तरी मदत करायची नाही, हे फार जड जातं पण करायचं नाही. आमच्या बटणावर आधी 'भाकीत नोंदवा' लिहिलेलं होतं. पाचपैकी चौघांनी बोट फिरवलं आणि पुढे गेले. घरात कोणी भाकीत म्हणतं का? 'प्रेडिक्ट करा' पोरांना चाललं, काकूंना नाही. शेवटी 'बोलून टाक' लिहिलं आणि कोणीच अडलं नाही. काकूंच्या हाताला कणीक असते म्हणून तिथे माइक पण ठेवला, पाच सेकंद बोला, नाव आणि वेळ आपोआप लागते.

एक टेस्ट स्टेडियममध्ये करा. नेरूळचं स्टेडियम भरलं की फोनचं नेट नुसतं फिरत बसतं. अंदाज फोनमध्ये आधी सेव्ह होऊन वेळेचा शिक्का तिथेच लागला पाहिजे आणि नेट आलं की जाऊ दे. नाहीतर आत बसलेला माणूस खरं बोलूनही उशिरा बोलला असं दिसतं, आणि या खेळात त्याच्याइतका अन्याय दुसरा नाही. फोनचं घड्याळ मागे करून कोणी लबाडी करू नये म्हणून उशिरा पोचलेल्या अंदाजावर छोटी खूण ठेवली, मानायचं की नाही ते ग्रुप ठरवतो.

जे मागतील पण द्यायचं नाही

वजा ५६ झाल्यावर एका मुलाने मागितलं, पुढच्या मॅचला डबल करायचं बटण द्या, भरून काढतो. पैसे नव्हते, नुसते पॉइंट होते, तरी हे. हरलेलं भरून काढायला अजून लावणं, जुगारात माणूस बुडतो तो याच वाटेने. नाही दिलं. त्याऐवजी टेबल दर महिन्याला कोरं होतं, मागचं कोणाच्या मानगुटीवर बसत नाही. 'थोडक्यात हुकलं' असला मेसेज नाही, सलग दिवसांची साखळी तुटेल म्हणून घाबरवणारं नोटिफिकेशन नाही, कधी मिळेल कधी नाही असलं सरप्राइज बक्षीस नाही. स्लॉट मशीन याच गोष्टींवर चालतं, अनिश्चित बक्षिसाची सवय सुटायला सगळ्यात कठीण. नोटिफिकेशन दिवसाला एक, ते पण ग्रुपातलं कोणी बोललं तरच. मिसळीची पैज ग्रुपने आपापसात लावावी न लावावी, ॲपमध्ये त्याची नोंद नको, हिशेब नको, पैसे पाठवायची लिंक तर अजिबात नको.

इन्व्हेस्टर किंवा बॉस विचारेल की मग लोक रोज कसे येणार. त्याला काकूंची गोष्ट सांगा. ज्या दिवशी मॅच नाही त्या दिवशी लोक आले नाहीत तर ते ठीक आहे.

दिल्यावर परत जा

ॲप हातात दिल्यावर तीन आठवडे डायरी ठेवा. प्रत्येकाला मॅचनंतर एकच मेसेज करा, आज ॲप कधी उघडलं आणि तेव्हा शेजारी कोण होतं, व्हॉइस नोटमध्ये उत्तर चालेल. डाउनलोड किती झाले ते मोजू नका, मोजायचंच तर हे मोजा की ग्रुपातल्या किती जणांनी मॅचमध्ये एकदा तरी काही बोललं, आणि त्यात पहिल्यांदाच बोलणारे कोण. आमच्याकडे तो आकडा वाढला तो गप्प बसणाऱ्यांमुळे.

महिन्याने त्याच घरांत पुन्हा जाऊन बसा. मी कोपरखैरण्याला गेलो तेव्हा काकांची वही टीपॉयवर होतीच. ॲपमधलं बघून ते वहीत उतरवत होते, आणि नव्या पानावर सहावा कॉलम आखलेला होता. वरती काकूंचं नाव त्यांनी स्वतः लिहिलं होतं, काकांना लिहू दिलं नाही म्हणे. कॉलमच्या शेजारी समासात बारीक अक्षरात काहीतरी होतं. विचारलं तर काका म्हणाले, कोण काय म्हणाला तेवढं ॲपमध्ये येतं, का म्हणाला ते येत नाही, ते मी इथे लिहितो. त्याची चिठ्ठी आता आमच्या भिंतीवर आहे, पुढच्या फेरीचं काम तिथून सुरू होतंय.